पुस्तकात पेन्सिल चालवता का? आणि चालवत असाल तर नुसत्या रेघा, की काही लिहिताही?

समासातला

पुस्तकात लिहावं की लिहू नये हा वाद जुना आहे आणि दर वेळी तो स्वच्छतेपाशी येऊन अडकतो. एक गट म्हणतो पुस्तक ही जपायची वस्तू, दुसरा म्हणतो वापरायची, आणि मग दोघंही आपापल्या कपाटाचं कौतुक करत बसतात. ते इथे पुन्हा नको. माझं भांडण लिहिणाऱ्यांच्या गटातल्याच लोकांशी आहे, म्हणजे रेघा मारणाऱ्यांशी.

रेघ मारताना काय होतं बघा. वाक्य पटतं, हात पेन्सिलीकडे जातो, वाक्याखाली रेघ उमटते आणि आपण पुढे सरकतो. काम झाल्यासारखं वाटतं. झालेलं काहीच नसतं. 'हे महत्त्वाचं दिसतंय, नंतर बघू' एवढं म्हणून विचार पुढे ढकललेला असतो. वर्षाभराने तेच पान उघडावं तर रेघ ठसठशीत दिसते, पण ती का मारली ते काही केल्या आठवत नाही. वाक्य बरं आहे, पण इतकं? त्या दिवशी डोक्यात काय चाललं होतं त्याचा पत्ता रेघ देत नाही.

समासात दोन शब्द लिहायचे म्हटले की मात्र थांबावं लागतं. आपल्याला नेमकं काय वाटलं हे आधी स्वतःला सांगावं लागतं, आणि जागा इतकी कमी की पाल्हाळ लावायची सोय नाही. 'का?' एवढं लिहिलं तरी पुरे. 'हे आधी उलटं म्हणाला होता.' 'पुरावा?' 'हा माणूस खोटं बोलतोय.' (हे शेवटचं कादंबरीतल्या निवेदकाबद्दल. वैचारिक पुस्तक असेल तर लेखकाबद्दलही लिहायला हरकत नाही.)

हे निव्वळ माझं खूळ नाही. २०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरचं संशोधन एकत्र करून तपासलं. त्यात अधोरेखन आणि हायलायटर 'कमी उपयोगाच्या' गटात गेले. स्वतःची चाचणी घेणं आणि अंतराअंतराने उजळणी करणं या दोन पद्धती वरच्या गटात आल्या. ते सगळं विद्यार्थ्यांबद्दल होतं आणि हौसेने वाचणाऱ्याला परीक्षा नसते, हे कबूल. पण समासात प्रश्न लिहिणं म्हणजे स्वतःला विचारलेला प्रश्नच की.

आता माझी पद्धत सांगतो, म्हणजे तुम्हाला झोडपायला काहीतरी मिळेल. मजकुराखाली रेघ नाही. जिथे अडलो तिथे समासात बारीक उभी खूण आणि एक-दोन शब्द. आणि पुस्तकाच्या शेवटी जे कोरं पान असतं त्यावर स्वतःची सूची. ही सूची विषयांची नसते, मला जे पुन्हापुन्हा दिसत गेलं त्याची असते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'च्या माझ्या प्रतीत शेवटच्या पानावर अशा नोंदी आहेत: 'नानांचं सोवळं', 'टिळक न सांगता निघून जातात', 'हसू येतं पण हसायची जागा नाही'. त्यातल्या दुसऱ्या नोंदीपुढे पानांचे आकडे एका ओळीत मावेनात म्हणून ते खाली उतरून तिसऱ्या नोंदीत घुसलेत. आणि खरंच, दोन्ही नोंदींची बरीचशी पानं एकच आहेत. हे पुस्तक वाचताना लक्षात आलं नव्हतं, सूची करताना आलं.

चार्ल्स डार्विन हेच करायचा. विकत घेतलेल्या पुस्तकांच्या शेवटी आपल्या कामाच्या गोष्टींची सूची करून ठेवतो, असं त्याने आत्मचरित्रात सांगितलंय. त्याच्या संग्रहातली सुमारे १४८० पुस्तकं आज ठाऊक आहेत आणि त्यांपैकी ७३० पुस्तकांत त्याच्या हातच्या नोंदी आहेत.

तर, तुम्ही काय करता? रेघावाल्यांनी बाजू मांडावी.

वाचनवेडी

+१. रेघावाली आहे. बाजू मांडायला काही नाही, हात आपोआप जातो. वाचतेय.

कोरी_प्रत

मी काहीच करत नाही, आणि कारण स्वच्छता नाही. तुम्ही तो मुद्दा आधीच बाद केलात म्हणून बरं झालं, नाहीतर मला त्याच खात्यात टाकलं असतंत.

माझं कारण पुनर्वाचन. चांगलं पुस्तक मी दोनदा-तीनदा वाचते. पहिल्या वाचनातल्या खुणा असल्या की दुसऱ्या वाचनात डोळे थेट तिकडेच धावतात. खुणा नसलेला मजकूर आपोआप दुय्यम ठरतो. म्हणजे मी पुस्तक न वाचता दहा वर्षांपूर्वीच्या मला वाचत बसते, आणि ती बाई काही फार हुशार नव्हती. तिला जे कळलं नाही ते खुणेवाचून राहिलं, आणि दुसऱ्या खेपेला मला नेमकं तेच दिसायला हवं असतं.

तुमच्या 'हा माणूस खोटं बोलतोय'चंच उदाहरण घ्या. एकदा ते समासात लिहिलंत की पुढच्या प्रत्येक वाचनात तो माणूस पहिल्या पानापासून खोटारडा. त्याच्यावर विश्वास टाकून फसण्यातली मजा तुम्ही कायमची घालवलीत.

लिहायचंच असेल तर वही आहे की. पुस्तकाबाहेर काय हवं ते लिहा.

अवांतरकर

कोरी_प्रत यांचा प्रतिसाद आवडला, पण मला मूळ विषयापेक्षा अवांतरच जास्त सुचतं, तेव्हा थोडं सहन करा.

पानाचे कोपरे दुमडणाऱ्यांना सगळेच शिव्या देतात. आयझॅक न्यूटन दुमडायचा! आणि साधासुधा नाही. कोपऱ्याचं टोक बरोबर ज्या शब्दावर यायला हवं तिथवर तो पान दुमडायचा. त्यामुळे त्याच्या पुस्तकांत कुठे चिमूटभर कोपरा, तर कुठे अर्धंअधिक पान तिरपं वळलेलं. शाई नाही, पेन्सिल नाही, आणि तरी नेमका शब्द सापडतो. रेघेपेक्षा ही खूण हुशार म्हणायची का?

दुसरं, डार्विनचं नाव निघालंच आहे म्हणून. जाडजूड पुस्तक हातात धरायला जड व्हायचं तर तो ते सरळ मधून कापून दोन करायचा. हे त्याच्या मुलानेच लिहून ठेवलंय. कोरी_प्रत, पाणी प्या.

तिसरं, अमेरिकन लेखक एडगर अॅलन पो. १८४४ पासून त्याने स्वतःच्या समासटिपा मासिकात छापायला सुरुवात केली. पुस्तक घेताना समास ऐसपैस आहे ना, हे तो बघून घ्यायचा. समासात मावणार नाही एवढं सुचलं तर चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी डिंकाचं किंचितसं बोट लावून पानात चिकटवायचा. चिकटचिठ्ठ्या बाजारात आल्या १९८० साली. त्यांचीही गोष्ट वाचकाचीच आहे: थ्रीएम कंपनीतल्या आर्ट फ्रायला चर्चमध्ये गाताना भजनांच्या पुस्तकातल्या कागदी खुणा गळून पडतात याचा वैताग यायचा. त्याच कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हरने १९६८ मध्ये धड न चिकटणारा गोंद तयार करून ठेवला होता, त्याचा उपयोग फ्रायला सुचला. म्हणजे पोची कल्पना, फक्त सव्वाशेहून जास्त वर्षांनी.

अरुंद_समास

समास ऐसपैस! अहो, मिळतो कुठे तो आता? जुन्या आवृत्तीत बोटभर जागा असते. तेच पुस्तक नव्याने छापताना पानं वाचवायला मजकूर असा कोंबतात की बाहेरच्या समासात धड अंगठा मावत नाही. वाचताना बोट शब्दांवर येतं. आतल्या बाजूची तर बातच नको. शिलाई जाऊन गोंदाची बांधणी आली, आणि ती पूर्ण उघडायला गेलं की कणा मोडतो. त्यामुळे ओळींची टोकं खाचेत डोकावून वाचायची. टीप लिहायची कुठे?

गणितज्ञ फर्माने डायोफँटसच्या ग्रंथाच्या समासात लिहिलं होतं की या प्रमेयाची फार सुंदर सिद्धता मला सापडलीय, पण ती या समासात मावत नाही. ती प्रत पुढे गहाळ झाली, पण त्याच्या मुलाने १६७० मध्ये टिपांसकट आवृत्ती छापली म्हणून जगाला कळलं. सिद्धता शेवटी अँड्र्यू वाइल्सने दिली, ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. आजच्या पुनर्मुद्रणात फर्माला 'सिद्धता मावत नाही' हे वाक्यसुद्धा मावलं नसतं.

ठिपका

नावाप्रमाणे मी ठिपके देतो. पहिल्या वाचनात काहीच नाही (कोरी_प्रत यांच्याशी इथपर्यंत सहमत). दुसऱ्या वाचनात एकच गोष्ट शोधायची ठरवतो आणि ती दिसली की समासात ठिपका.

'कोसला' परत वाचायला घेतली तेव्हा ठरवलं की पांडुरंग सांगवीकर जिथे जिथे 'उदाहरणार्थ' म्हणतो तिथे एक ठिपका आणि 'वगैरे' म्हणतो तिथे दोन. सुरुवातीला निव्वळ चाळा होता. मग काही पानांनी ठिपक्यांकडे बघूनच कळायला लागलं की हा आता टाळतोय, आता चिडलाय, आता स्वतःचीच टर उडवतोय. मजकूर न वाचता नुसता समास वरून खाली बघितला तरी त्याची नाडी लागते. मनीच्या मृत्यूपाशी आलो आणि ठिपके द्यायचं भानच राहिलं नाही. तिथली पानं माझ्या प्रतीत कोरी आहेत. तिथे ते शब्द किती आहेत हे मागाहून जाऊन मोजलेलं नाही, मोजणारही नाही.

कादंबरीकार नाबोकोव कादंबऱ्या शिकवायचा तेव्हा आपल्या प्रतींत चक्क चित्रं काढायचा. काफ्काच्या कथेतल्या ग्रेगोर साम्साच्या घरात कुठली खोली कुठे, दारं कुठे उघडतात. आना कारेनिना ज्या रेल्वेच्या डब्यात बसते तो डबा आतून कसा असेल. मला ही सगळ्यात प्रामाणिक टीप वाटते. 'सुंदर वर्णन' असं कुणीही लिहील. खोलीचा नकाशा काढायला बसलं की कळतं आपण वर्णन वाचलं होतं की नुसतं त्यावरून गेलो होतो.

तळटीप

चर्चा रंगतेय. एक जरा गंभीर बाजू मांडतो, कारण इथे सगळेच समासटिपेचं कोडकौतुक करतायत.

छापखाना येण्याआधी समासातली टीप निरुपद्रवी नव्हती. पोथी हाताने उतरवली जायची. एखाद्या वाचकाने समासात स्पष्टीकरण म्हणून, किंवा भक्तीच्या भरात, चार ओळी स्वतःच्या घातल्या तर पुढच्या नकलकाराला प्रश्न पडायचा: ही मूळ लेखनात राहून गेलेली ओळ बाजूला लिहिलीय, की कुणाची भर? शंका आली की तो ती संहितेत घ्यायचा. एकदा आत गेली की बाहेर काढणं महाकठीण.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पण पाठांतरांनी तो बिघडला होता, असं ते स्वतः सांगतात. आणि शेवटी जो इशारा देतात तो कोरी_प्रत यांच्या बाजूने सगळ्यात जोरदार साक्ष आहे: यापुढे जो ज्ञानेश्वरीच्या पाठात स्वतःची मराठी ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (म्हणजे करवंटी) ठेवली असं समजा. चारशेहून जास्त वर्षं झाली, वाचकाला इतकं झणझणीत कुणी सुनावलेलं माझ्या वाचनात नाही.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं कामही याच जातीचं, फक्त अफाट. भांडारकर संस्थेत १९१९ मध्ये सुरुवात, १९६६ मध्ये पूर्ण, १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. नंतरची भर वाटली ते श्लोक संपादकांनी फेकले नाहीत, तळटीपांत आणि परिशिष्टांत नेऊन ठेवले. मला ही वागणूक फार सभ्य वाटते. वाचकाने घातलेली भर पुन्हा वाचकाच्या जागी.

छापील पुस्तकात हा धोका उरला नाही. तुम्ही काहीही खरडा, मूळ मजकुराला धक्का लागत नाही. त्यामुळे आता लिहायला हरकत नाही असं माझं मत. पण शाईने नको.

समासातला

तळटीप, दंडवत. नरोटीचा संदर्भ या वादात येईल असं वाटलं नव्हतं.

कोरी_प्रत, तुमचा मुद्दा दमदार आहे, पण तो रेघांना जास्त लागू पडतो असं मला वाटतं. रेघ मजकुराच्या अंगावर असते, ती चुकवून वाचता येत नाही. समासातला शब्द बाजूला असतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करायची मुभा असते. आणि वहीचं म्हणाल तर वही आणि पुस्तक यांची ताटातूट ठरलेली. कुठल्या पानाबद्दल 'पुरावा?' विचारलं होतं हे वहीत लिहायचं राहतंच.

दुसरं म्हणजे, तुम्ही खुणा नसलेल्या जागेला दुय्यम म्हणता. मला ती जागा फार बोलकी वाटते. कोपर्निकसच्या १५४३च्या ग्रंथाबद्दल लेखक आर्थर कोस्लरने म्हणून ठेवलं होतं की हे पुस्तक कुणी वाचलंच नाही. ओवेन गिंगरिच या खगोलाच्या अभ्यासकाने १९७० मध्ये एडिनबरोला त्याची एक प्रत उघडली, तर ती टिपांनी भरलेली. सोळाव्या शतकातला नावाजलेला ज्योतिर्विद एरास्मस राइनहोल्ड याच्या हातच्या टिपा. मग गिंगरिच पुढची तीसेक वर्षं जगभर फिरून पहिल्या दोन आवृत्त्यांच्या प्रती बघत राहिला. सुमारे सहाशे. कोणी कोणाच्या टिपा उतरवून घेतल्या, कुठल्या गुरूचं मत कुठल्या शिष्याच्या समासात पोचलं, हे त्यातून उलगडलं. कोस्लरचं म्हणणं पार निकालात निघालं.

पण मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे: सूर्य मधोमध आहे हे सांगणारा जो भाग आपल्याला आज महत्त्वाचा वाटतो, तिथे राइनहोल्डच्या टिपा फारशा नाहीत. त्याची सगळी रग भूमितीवर, गणितावर. आकाशातली गती वर्तुळाकार आणि एकसारखी असते हे वचन तर त्याने शीर्षकपानावरच लिहून ठेवलं होतं. त्याला काय हवं होतं आणि काय नको होतं, दोन्ही प्रतीत दिसतं. कोरा समास नसता तर हे कळलं असतं का?

चार्जिंग_संपलं

मी गेली काही वर्षं बहुतेक सगळं ई-रीडरवर वाचतो. तिथे तुमचा सगळा सिद्धान्तच उलटा होतो. रेघ मारणं इतकं सोपं की बोट घसरलं तरी परिच्छेद रंगतो. टीप लिहिणं इतकं कटकटीचं की देवनागरी कळफलक उघडून दोन जोडाक्षरं टंकेपर्यंत जे सुचलं होतं ते उडून जातं. परिणामी माझ्याकडे रेघांचा डोंगर आणि टिपा जवळपास शून्य.

त्यात काही प्रणालींवर इतर वाचकांनी जास्तीत जास्त कुठे रेघा मारल्या तेही दिसतं. मजकुराखाली पुसट ठिपक्यांची रेघ आणि सोबत आकडा. कादंबरीत ऐन रंगात आलेला प्रसंग चाललेला असताना खाली हे लोकमत! पहिलं काम ते बंद करणं. आणि बघा, लोक कुठल्या वाक्यावर रेघा मारतात: जिथे लेखक सुविचार सांगतो तिथे. संवादावर नाही, वर्णनावर नाही. चौकटीत घालून भिंतीवर लावता येईल असं वाक्य दिसलं की रेघ. समासातला यांच्या रागाला माझा पाठिंबा इथे.

एक फायदा मात्र सांगायलाच हवा. सगळ्या खुणा एका जागी काढून घेता येतात (प्रकाशकाने मर्यादा घातली नसेल तर) आणि त्यांत शब्द शोधता येतो. पण त्या काढून घेतल्यावर मी त्या कधी वाचल्यात का? वाचल्या असत्या तर हा प्रतिसाद एवढा कडवट झाला नसता.

जुना_दाखला

ग्रंथालयात आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं रुक्ष पण कामाचं.

लिहायचं असेल तर शिसपेन्सिल, आणि मऊ. २बी चांगली. कडक एच पेन्सिलीने कागदावर चर पडतो, तो खोडरबराने जात नाही. ग्रॅफाइट म्हणजे शुद्ध कार्बन, तो कागदाशी काही करत नाही आणि वर्षानुवर्षं उडत नाही. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती मागच्या पानावर उतरते. हायलायटर तर दोन्हीकडून वाईट: रंग काही वर्षांत फिका पडतो आणि ओला डाग पलीकडे जातो.

वर पो आणि चिकटचिठ्ठ्यांचं कौतुक झालं. थोड्या दिवसांसाठी ठीक. वर्षानुवर्षं ठेवल्या तर गोंद कागदावर राहतो, त्यावर धूळ बसते, आणि जुना कागद असेल तर चिठ्ठी काढताना वरचा पापुद्रा घेऊन येते. म्हणून जुन्या संग्रहांत त्यांना मज्जाव असतो. खूण म्हणून साध्या पातळ कागदाची पट्टी घाला. वर्तमानपत्राचा कपटा नको, त्याच्यातलं आम्ल शेजारच्या पानावर तपकिरी छाप सोडतं.

जुनी पानं आपोआप पिवळी पडून कुरकुरीत होतात ती कागदाच्या घडणीमुळे. स्वस्त लाकडी लगद्यात लिग्निन राहतं, ते उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं. त्यात एकोणिसाव्या शतकापासून कागदाला तुरटी आणि राळ लावायची पद्धत आली, त्यातून आम्ल तयार होतं आणि धागे तुटतात. अशा पानावर खोडरबर चालवायचाच नाही. तिथे कोपरा दुमडला तर तो उलगडताना हातातच येतो, न्यूटनचा दाखला कुणी देऊ नये. त्याचा कागद चिंध्यांचा होता.

आणि ग्रंथालयाच्या पुस्तकात काहीही लिहू नका. यावर चर्चा नाही.

नातवंड

जुना_दाखला यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

माझ्याकडे आजोबांची काही पुस्तकं आली आहेत. त्यांची टीप एकाच शब्दाची: 'छे!' उद्गारचिन्ह जोरात, पेन्सिलीचं टोक तुटेल असं. बाकी काही नाही. कौतुक नाही, प्रश्न नाही. एका चरित्रात तर पानापानावर 'छे!'. एका ठिकाणी 'छे छे!' आणि पुढच्याच पानावर पहिल्यांदा आणि शेवटचं: 'बरं.'

ते पुस्तक मी वाचलं ते त्या 'छे!'साठीच. पान उलटायच्या आधी अंदाज करायचे की आजोबा आता कुठे भडकणार. बऱ्याचदा चुकायचा. मला जिथे लेखक खोटं बोलतोय असं वाटायचं तिथे आजोबा गप्प, आणि अगदी साध्या वाक्यावर 'छे!'. 'बरं'च्या पानावर लेखकाने चरित्रनायकाचा एक दोष सरळ कबूल केलाय. आधीची सगळी पानं कशाबद्दल राग होता ते तिथे कळलं.

म्हणजे समासातला म्हणतात तसं खुणेने कारण सांगायलाच हवं असं काही नाही. सगळ्या खुणा एकत्र वाचल्या की कारण लागतं.

पानखूण

नातवंड, 'बरं' फार आवडलं!

मूळ मुद्द्याला आणखी एक धक्का देते. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात सनी वेंकटरत्नम या राजकैद्याजवळ शेक्सपिअरचं समग्र साहित्य एका पुस्तकात होतं. पहारेकऱ्यांना धर्मग्रंथ वाटावा म्हणून त्याने पुस्तकावर देवादिकांची चित्रं असलेली दिवाळीची शुभेच्छापत्रं चिकटवली. मग ते पुस्तक सोबतच्या कैद्यांमध्ये फिरलं आणि ज्याला जो उतारा आवडला तिथे त्याने सही करून तारीख घातली. नेल्सन मंडेलांची सही 'ज्युलिअस सीझर'मध्ये आहे, भित्रे मरणाआधी कितीदा तरी मरतात या अर्थाच्या ओळींपाशी. तारीख १६ डिसेंबर १९७७.

एका शब्दाचीही टीप नाही. प्रश्न नाही. तुमच्या हिशेबाने ही तर रेघच झाली. हिला काय म्हणणार?

समासातला

पानखूण, हा पेच चांगला टाकलात. हिला मी रेघ म्हणणार नाही. रेघ आपण आपल्यासाठी मारतो आणि पुढे आपल्यालाच ती वाचता येत नाही, ही माझी तक्रार आहे. सही दुसऱ्यासाठी असते. पुस्तक पुढच्या कोठडीत जाणार हे सही करणाऱ्याला ठाऊक होतं. एवढी नाटकं-कविता समोर असताना एकच जागा निवडायची आणि तिच्याखाली नाव घालायचं, म्हणजे निवड हीच टीप झाली. आयुष्यात एका पुस्तकात एकच रेघ मारायची अशी अट असती तर मीही रेघावाल्यांत आलो असतो.

आजोबांच्या 'छे!'चंही तेच. त्यांनी शिस्त पाळली म्हणून ते वाचता आलं. इथे जे झाडून सगळं अधोरेखित करतात त्यांनी हे दोन दाखले आपल्या बाजूने वापरू नयेत ही नम्र विनंती.

ठिपका, तुमचा प्रयोग उचलतोय. 'रणांगण' पुन्हा हाताशी घेतलंय. जहाजावरची माणसं एकमेकांना कुठल्या भाषेत बोलत असतील असं वाटतं तेवढंच समासात टिपायचं ठरवलंय. पुस्तक लहान आहे आणि १९३९ सालचं, पण असा विचार करत आजवर वाचलं नव्हतं.

वाचनवेडी

सगळे प्रतिसाद वाचले. रेघ मारण्याआधी आता हात अडखळेल, त्याचं पाप तुमच्या माथी.

एक प्रश्न राहिलाच. टिपा लिहिलेलं पुस्तक कुणी उसनं मागितलं तर काय करता? खोडून देता?

कोरी_प्रत

म्हणून तर मी लिहित नाही. :)

अवांतरकर

पुन्हा अवांतर. चार्ल्स लॅम्बने १८२०च्या निबंधात उसनी पुस्तकं नेणाऱ्यांची यथेच्छ टर उडवलीय, कपाटात पडलेल्या खिंडारांसकट. पण शेवटी सल्ला काय, तर द्यायचीच झाली तर कवी कोलरिजसारख्याला द्या, तो व्याजासकट परत करतो. व्याज म्हणजे समासटिपा.

समासातला

खोडत नाही, तसंच देतो. एकदा परत आलं तेव्हा माझ्या 'पुरावा?'च्या शेजारी वेगळ्या अक्षरात 'पान ८८ बघ, नीट वाच' असं लिहिलेलं होतं. बघितलं. तिथे पुरावा नाहीच, लेखकाने तेच विधान जरा मोठ्या आवाजात पुन्हा केलंय. तसं खाली लिहून ठेवलंय आणि पुस्तक परत त्याच मित्राकडे धाडलंय.